मास्तरांच्या हातून गेलेला संघ

कुंभिवलीच्या मालोजी मास्तरांनी मुंबईच्या एका कॉलेजात अकरा वर्षं बास्केटबॉल शिकवला. मुळात ते कवायतीचे मास्तर. एका मिशनरी साहेबाकडून त्यांनी हा खेळ उचलला, मैदानाच्या दोन टोकांना स्वतः खांब पुरले आणि हुतुतू खेळणाऱ्या पोरांतून संघ उभा केला. त्यातलाच एक सदू, त्यांच्या गावचा. त्याला मुंबईला आणलं मास्तरांनीच. दोन वर्षं आपल्या खोलीत ठेवलं.

तोच सदू पुढे मद्रासला वर्षभर शिकून सर्टिफिकेट घेऊन आला, आणि १९३५ साली प्रिन्सिपॉलांनी संघ त्याच्या हाती दिला. मास्तरांकडे कवायत उरली. अनुभवी माणूस बरोबर असावा म्हणून संघासोबत त्यांना नेत, एवढंच. मुलं सदूला ‘सर’ म्हणायची. तो शब्द कानी पडला की मास्तरांच्या तोंडातला घास कडू व्हायचा.

पुढच्या मे महिन्यात संघ सरावासाठी कुंभिवलीजवळच्या खोपोलीला उतरला. तिथल्या कामगारांच्या संघाशी सामना ठरला. आदल्या दिवशी मास्तरांची सख्खी बहीण भागूबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन आली ती थेट सदूकडे.

“गावाचं नाव काढलंस रं!” म्हणत तिने कानशिलावर बोटं मोडली. मग भावाकडे वळून म्हणाली, “तू पन खा की. उरलंय.”

मास्तर न जेवताच उठले. मैदानावर कामगारांचा कप्तान हिरू एकटाच होता. मास्तर त्याच्याजवळ गेले.

“कॉलेजच्या कप्तानाने कमरेला हात लावला, की चेंडू डाव्या कोपऱ्यात जातो. तिथं माणूस उभा कर.”

दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यात गेलेला प्रत्येक चेंडू हिरूच्या माणसांनी हिसकावला. कॉलेज हरलं.

“चूक माझी,” सदू सगळ्यांसमोर म्हणाला. “पोरांना बोल लावू नका.”

लोकांनी त्याचीच पाठ थोपटली. हा हरतो तेही माझ्याहून चांगलं, मास्तरांच्या मनात आलं.

माणसं पांगल्यावर सदू त्यांच्याजवळ आला. “ती खूण मी परवाच ठरवली होती. पोरं सोडली तर फक्त तुमाला ठाऊक होती.”

“मीच सांगितली हिरूला.”

“का, मास्तर?”

“भागूने तुला आधी वाढलं.”

अकरा वर्षांचं सांगायचं होतं. तोंडून निघालं एवढंच. सदूने पडलेला चेंडू उचलून काखेत मारला.

“पोरांना हे कळू देणार नाय मी. पन उद्या तुमी आमच्यासंगं मुंबईला येऊ नका.”

मास्तर गावीच राहिले. खालापूरच्या शाळेत कवायत शिकवू लागले. दोन वर्षांनी सदूच्या संघाने मोठी ढाल जिंकल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मास्तरांनी आधी आपलं नाव शोधलं. ते नव्हतं. मग सदूचं किती वेळा आलंय ते मोजलं.

“तुमच्याच गावचा ना हा?” हेडमास्तरांनी विचारलं.

“असेल,” मास्तर म्हणाले आणि शिट्टी घेऊन बाहेर पडले.