तेल पुढं, माणसं मागं

"मन्हा गुडघास्ले तेलनं बोट नई, आनि त्या डोंगरवरना बाबाना कपाळले बुधलीभर!"

भिकुबाई हे अगदी माझ्या तोंडाशी तोंड आणून पुटपुटली. मला तेल भरताना ती दरवर्षीच पुटपुटायची. पण पळीतला एक थेंब बाहेर सांडू द्यायची नाही, आणि मी गळ्यापर्यंत भरले की स्वतःच्या पदराने माझं अंग पुसायची. तोंडाने कुरकुर आणि हाताने लाड, त्या घराची रीतच ती.

तर मित्रांनो, मी ती बुधली. जुनी, चामड्याची, रंगाने काळी, पोटाने मोठी आणि गळ्याने बारीक. रूपाचं कौतुक मला कोणी केलं नाही आणि मीही कधी त्याची वाट पाहिली नाही. पण सातपुड्यातला अस्तंबा मी जितक्या वेळा चढले, तितक्या वेळा पंचक्रोशीतली एकही घागर चढलेली नाही. हे मी छाती काढून सांगते. छाती नसली तर पोट काढून सांगते.

देश स्वतंत्र झाला त्या साली धुळ्याच्या पुना नावाच्या कारागिराने मला घडवलं. आधी त्याने माझ्या आकाराचा मातीचा गोळा केला. त्यावर ओल्या चामड्याचे तुकडे थरावर थर देऊन चिकटवले आणि उन्हात ठेवलं. मी वाळले, कडक झाले. मग गळ्यातून पाणी ओतून त्याने आतली माती भिजवली आणि खळखळवून बाहेर काढली. पोटातली माती जाते तेव्हा बरं वाटत नाही हो. आपण चांगल्या भरीव आहोत असं वाटत असतं, आणि बघता बघता आत नुसती हवा. माझा उतरलेला चेहरा पुनाला दिसला असावा. तो म्हणाला, "पोकळ व्हयनी, तव्हयच कामनी व्हयनी." त्यानंतर मी त्या गोष्टीचं दुःख केलं नाही.

दोंडाईच्याजवळच्या एका गावातून भिकुबाईचे यजमान झुलाल आबा बाजाराला आले होते. त्यांची आधीची बुधली उंदरांनी कुरतडली होती. त्यांनी मला उचललं, कानाशी धरून टिचकी मारली आणि खांद्याला लावून पाहिलं. तो खांदा मग माझा झाला.

अस्तंब्याची गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. लोक म्हणतात, अश्वत्थामा त्या डोंगरात अजून फिरतो; त्यालाच ते अस्तंबा ऋषी म्हणतात. कपाळावरचा मणी काढून घेतला त्याची जखम भरतच नाही, म्हणून तो वाटसरूंकडे तेल मागतो. दिवाळी आली की डोंगरातले भिल्ल आणि खालच्या गावांतली माणसं शिखराकडे निघतात. आमचे गडीही निघायचे. नंदुरबारपर्यंत आगगाडी, पुढे तापी ओलांडायला नाव, आणि मग पायी. सपाटीवरून टेकड्या, टेकड्यांमधून जंगल, जंगलातून कडा. घरच्या भुईमुगाचं, घाण्यावरून काढून आणलेलं तेल माझ्या पोटात.

आमच्या गावच्या मंडळींचा एक नेम होता. तेल पुढं, माणसं मागं. बुधली ज्याच्या खांद्यावर, त्याच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. आणि एकदा खांद्यावर आलेली बुधली माणूस मेल्याशिवाय दुसऱ्याकडे जायची नाही. आबांना हा मान त्यांच्या वडिलांच्या तेराव्याला मिळाला होता. म्हणजे जिवंत माणसाला "बुधली मला द्या" असं म्हणणं आणि "आता मरा" असं म्हणणं आमच्याकडे एकच.

या नेमाने माझी फार चैन झाली. शिखरावर सगळ्यांच्या आधी मीच पोचायची. माणसांना घाम यायचा, मला वारा लागायचा. वर शेंदूर लावलेल्या दगडापाशी आबा माझं बूच काढायचे आणि म्हणायचे, "ले बाबा, लाव कपाळले." मग सगळे मिळून जयजयकार करायचे. ऋषींच्या नावाने असला, तरी त्यात थोडा माझाही वाटा आहे असं मी धरून चालायची.

पण कौतुक दिवाळीपुरतं. बाकी वर्षभर मी चुलीमागच्या खुंटीला. धूर खायचा आणि पालीशी शेजार करायचा. एका वर्षी आबांचा मुलगा अभिमन भुसावळहून काचेची बाटली घेऊन आला. हलकी, चकचकीत, आतलं तेल बाहेरून दिसायचं. मी खुंटीवरून पाहत राहिले आणि बाटली डोंगराला गेली. पहिल्याच टेकडीवर आबांचा पाय घसरला, ते बसले आणि बाटली फुटली. चिंध्यांनी पुसून घेतलेलं तेल त्या वर्षी ऋषींना मिळालं. पुढच्या दिवाळीला मला खाली काढलं तेव्हा माझं चामडं तडकायला आलं होतं. भिकुबाईने आठवडाभर मला तेल चोपडलं. मित्रांनो, एवढं ध्यानात ठेवा. खुंटीवरच्या वस्तूला वर्षातून एकदा नाही, मधूनमधून हात लावावा. वस्तू तक्रार करत नाही, ती सरळ तडकते.

बाटली फुटली तेव्हा सगळे म्हणाले, वाट निसरडी होती. मी तिथे नव्हते, तरी मला ते पटलं नाही. कारण पुढच्या वर्षी मी आबांच्या खांद्यावर बसले आणि पहिल्याच मैलात मला कळलं. खांद्यावर बसणाऱ्याला माणसाचं सगळं कळतं. पूर्वी आबांचं पाऊल सरळ पडायचं. आता ते आधी चाचपायचं, मग टेकायचं.

आबांच्या डोळ्यांत ढग उतरले होते.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि घरात हे कोणीच बोलत नव्हतं. भिकुबाई भाकरी नेहमी ताटाच्या एकाच कडेला ठेवायची. वहाणा उंबऱ्याशी, तोंड बाहेर करून. अभिमन अंगणातला नांगर रोज भिंतीला लावून ठेवायचा. अभिमनने बोलावं, तर तो बापाच्या मरणावर टपला आहे असं लोक म्हणणार. आबांचा चुलतभाऊ मगन, त्याने बोलावं, तर लहानपणापासूनची चढाओढ आठवणार. भिकुबाईने एवढंच म्हटलं, "जपीसन जा." आणि आबा म्हणाले, "वाट मन्ही पायखालनी शे."

तर त्या वर्षी मी भरले गेले, आम्ही निघालो.

आता नेम असा की आबांच्या पुढे कोणी जायचं नाही. मग वाट दाखवायची कशी? तर मागून. जंगल लागलं तसा मगन मोठ्याने बोलू लागला, "अरे, हाऊ वड आजून उभाच शे व्हय! डावा हातले!" आबा उजवीकडून गेले. थोड्या वेळाने अभिमन म्हणाला, "आबा, मांगला साले आपीन आठेच पानी पिधं व्हतं. उजवा हातले, हाऊच ना तो दगडस्ना नाला?" आबांचं पाऊल सावध झालं. पुढे पुढे गप्पा सुचेनात, तेव्हा मंडळींनी खोकला काढला. पायरी चढायची तर एक खोकला, उतरायची तर दोन; आबांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचं पाऊल तसंच पडू लागलं. पाच-सहा धडधाकट गडी सातपुड्यात खोकत चालले होते. वाटेत तळोद्याची मंडळी भेटली. त्यांच्यातल्या एकाने विचारलंच, "काय हो, सगळ्या गावाला एकदम पडसं झालं का?"

"हवा बदलनी ना भाऊ," मगन म्हणाला आणि त्या उत्साहात तीनदा खोकला. आबा जागीच थांबले. तीन खोकल्यांचा अर्थ ठरलेला नव्हता.

मला हसू येत होतं. पण कडा जवळ येऊ लागला तसं हसू गेलं. शिखराच्या अलीकडे एक धार आहे. वाट एका माणसाच्या रुंदीची आणि दोन्ही हातांना दरी. तिथे वारा असा असतो की मागच्याचं बोलणं पुढच्यापर्यंत पोचत नाही. चढून चढून सगळ्यांचा दम तुटला होता. गप्पा संपल्या, खोकलाही संपला. आबा मात्र थांबले नाहीत. ताठ मानेने धारेवर चढले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांचा डावा पाय हवेत पडला.

एक दगड सुटला आणि खाली गेला. तो तळाशी पोचल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. आबा कलले. मी खांद्यावरून सुटून दरीवर लोंबकळले, बूच निघालं आणि तेलाची धार खाली गेली. अभिमनने पुढे झेप घेऊन एका हाताने माझा पट्टा आणि दुसऱ्याने आबांचा दंड धरला. माझ्या वाद्या कुरकुरल्या, पण मी तुटले नाही. पुनाचं काम होतं ते.

आबा वाटेवर बसले. सगळे बसले.

"दगडच सैल व्हता," मगन म्हणाला.

"वारा भी जोरना शे," मागून कोणी म्हणालं.

"आबा..." अभिमनने सुरुवात केली.

"काय?"

"काहीच नई."

त्याने माझा पट्टा आबांच्या खांद्यावर नीट केला.

आबांनी चाचपत माझं बूच शोधलं. ते पट्ट्याला बांधलेलंच होतं, त्यांनी ते घट्ट बसवलं. मग पट्टा डोक्यावरून काढून मला मांडीवर घेतलं. शिखर अजून वर होतं. शिखराआधी मी त्या खांद्यावरून कधी उतरले नव्हते.

"अभिमन, हाई बुधली ले. पुढे व्हय."

अभिमन मागे सरकला. "आबा, काय बोलतस तुम्ही! तुम्ही शेतस ना आजून."

"शे ना. आनि माले आजून ऱ्हावानं शे. म्हनीसन तं तुले देस."

आबांनी मला पुढे धरलं होतं, नेमक्या दिशेला नाही, जरा बाजूला. अभिमन सरकून त्या हातांसमोर आला आणि त्याने मला घेतलं.

"माले दिसत नई रे," आबा म्हणाले. "दोन वरीसपाईन दिसत नई."

"तसं काही नई आबा," मगन घाईने म्हणाला, "तो दगडच..."

"तू गप ऱ्हाय मगन. वड डावा हातले, नाला उजवा हातले, आनि आख्खा डोंगरभर खोकला! मी आंधया व्हयनू भो, बहिरा नई."