सांध्यातलं पाणी

मी पूल खेळायचा एक जुना क्यू बोलतोय. माझे भाग दोन. मध्ये पितळी आटे आहेत, ते फिरवून बसवले की मी एक लांब काठी होतो. पण कित्येक वर्षं मी अर्धाच होतो.

परदेशी कारागिरानं मला घडवलं. फिरत फिरत बारामतीच्या श्रीपादरावांकडे आलो. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. तिथल्या गेस्ट हाऊसवर पूलचं टेबल होतं. भिगवणचे जोतीराम तात्या ऊस घेऊन आले, की वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत श्रीपादरावांशी खेळायचे. पुढं दोघांनी गमतीनं मला वाटून घेतलं. मागचा भाग श्रीपादरावांकडे, पुढचा तात्यांकडे. एकट्यानं खेळायचंच नाही.

एके सकाळी दोघं उजनी धरणाच्या पाण्यात होडीनं फिरायला गेले. तिथून बारामतीला येऊन, दुसरा भाग घेऊन खेळायला जायचं, म्हणून तात्यांनी आपला भाग पिशवीत घेतला होता. होडी कलंडली. श्रीपादराव कसेबसे काठाला लागले. तात्या वर आलेच नाहीत. देहही सापडला नाही.

मी, म्हणजे मागचा भाग, तेव्हा बारामतीत होतो, श्रीपादरावांच्या कोरड्या कपाटात. माझ्या आट्यांतून पाणी ठिबकायला लागलं.

श्रीपादरावांनी घरी येऊन कपाट उघडलं, पाणी बघितलं आणि कुलूप लावलं. पुढं कित्येक वर्षांनी ते वारल्यावरच त्यांच्या मुलीनं, आसावरीनं, मला बाहेर काढलं.

तिची मैत्रीण दीप्ती पूल पार्लर चालवते, क्यूही दुरुस्त करते. तिनं मळ काढला. भिंगाखाली कारागिराचं नाव दिसलं, सांध्याशी कोरलेला आकडाही.

"अस्सल आहे गं," दीप्ती म्हणाली. "हाच आकडा असलेला पुढचा भाग मिळाला, तर संग्राहक उड्या मारतील. नुसत्या अर्ध्याला काही किंमत नाही. पण हा ओला का?"

मला उन्हात वाळवलं. संध्याकाळी पुन्हा पाणी. पॉलिश धरेना. दीप्तीनं बोट नाकाशी नेलं आणि हात झटकला. "शेवाळाचा वास येतोय. धरणाच्या पाण्यासारखा."

आसावरी मला घेऊन भिगवणला गेली, तात्यांच्या बायकोकडे. शकुबाईंच्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या. देव्हाऱ्याशेजारी माझा पुढचा भाग उभा होता.

"काठाला लागला हुता," शकुबाई म्हणाल्या. "म्हंजी मालकबी हितंच कुठंतरी हायती. लोक म्हणत्यात, दिवस घाला. मी न्हाय घातलं."

"काकू, मी न्यायला आले नाही. फक्त आकडा बघते."

आकडा जुळला. शकुबाईंनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आण हिकडं." मला मांडीवर घेऊन त्यांनी स्वतःच आटे फिरवले. सांध्यातून भसकन पाणी आलं. जुनं घर, जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला, पाणी उंबऱ्याकडं जायला हवं होतं. ते घरात, आतल्या खोलीकडं गेलं.

शकुबाईंनी मला जमिनीवर उभं धरलं आणि हात सोडला.

मी पडलो नाही.

आसावरी भिंतीला चिकटली. शकुबाईंनी पदर सावरला, कोपऱ्यातला पाट ओढला आणि हळूच म्हणाल्या, "दमला असाल. बसा."

मग मी सावकाश कललो आणि भिंतीला टेकलो.

त्याच आठवड्यात शकुबाईंनी तात्यांचे दिवस घातले. पाणी थांबलं. मग त्यांनी मला आसावरीबरोबर दुरुस्तीला पाठवलं. दीप्तीनं मला सरळ केलं, टोकाला नवं चामडं बसवलं, पॉलिश केलं. आट्यांना तेल द्यायला मात्र तिला सांधा उघडता आला नाही. पार्लरमधली दोन दणकट पोरं लावली तरी नाही. गिऱ्हाईक चालून आलं होतं. आसावरीनं त्याला परत पाठवलं आणि मला भिगवणला आणून दिलं.

आता मी शकुबाईंच्या घरी असतो. तुम्ही कधी आलात तर चहा घ्या, गप्पा मारा. फक्त माझ्याकडं हात नेऊ नका. मोकळा दिसलो, तरी मी कुणाच्या तरी हातात असतो.