जगबुडीच्या गोष्टीतली बकरी

मी बकरी बोलतेय. घाबरू नका, तुमचं काही खाल्लेलं नाही. निदान आज तरी नाही.

तुम्हाला त्या जगबुडीच्या गोष्टी आवडतात ना? सगळं जग संपतं, शहरं ओस पडतात, एकच माणूस उरतो आणि त्याच्या सोबतीला एक मुका जीव. तो मुका जीव कोण असतो हो? कुत्रा. नेहमी कुत्रा. फार तर घोडा. बकरी अशा गोष्टीत येते ती दुसऱ्या प्रकरणात, आणि तिसऱ्या प्रकरणात तिचा रस्सा होतो. या अन्यायाविरुद्ध मी लढले. जयपूरच्या आदर्श नगरात, एका मराठी घराच्या अंगणात, खुंट्याला बांधलेली असताना लढले. त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म चाकसूजवळच्या एका ढाणीतला. ढाणी म्हणजे चार झोपड्यांची वस्ती. तिथे मालन नावाची बाई आम्हाला राखायची. तिला बोलायला माणूस मिळत नसे, म्हणून ती आपल्या सासूचे सगळे प्रताप आम्हाला ऐकवायची. धार काढतानाही तिचं तोंड चालूच. त्यामुळे माझी समजूत अशी झाली की एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं दूध द्यायचं, यालाच धार काढणं म्हणतात. अजूनही माझी तीच समजूत आहे.

एकसष्टच्या दिवाळीनंतर मालनने माझं करडू ठेवून घेतलं आणि मला बाजारात उभं केलं. तिथे सदाशिवराव टिपणीस आले. हे मूळचे अलिबागकडचे, केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेले. त्यांची मुलगी प्रतिमा नुकतीच टायफॉइडमधून उठली होती आणि डॉक्टरांनी तिला बकरीचं दूध द्यायला सांगितलं होतं. जनावराचे दात बघतात असं कुणाकडून तरी ऐकून त्यांनी माझे दात बघितले. मग मी त्यांचे बघितले. दोघांचेही ठीक निघाले आणि सौदा झाला.

घर चांगलं होतं. अंगणात कडुनिंब, खायला पेंड आणि भाजीची देठं, आणि माझा तोरा पाहून मला नाव मिळालं ते ‘बाईसाहेब’. खोट एकच. घरची माणसं मटण खाणारी. रविवारी स्वयंपाकघरातून जो वास यायचा त्यावर मी न बोललेलंच बरं. विभावहिनी, म्हणजे प्रतिमाची आई, परतलेल्या कांद्याचा हात माझ्या कपाळावर ठेवून “कशा आहात बाईसाहेब?” म्हणायच्या, तेव्हा माझ्या चारी पायांत कापरं भरायचं.

धार काढायला वहिनींनी साफ नकार दिला. “तुम्ही आणलीत ना? मग तुम्हीच काढा,” म्हणाल्या. म्हणून साहेब कचेरीतून आले की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याशेजारी उकिडवे बसायचे. प्रतिमा माझे कान धरून उभी. पण साहेब पडले अबोल. कचेरीत वरचे साहेब बोलत आणि घरी वहिनी बोलत, त्यात यांचा नंबर कधी लागत नसे. मी तरी अशा मुक्या माणसाला दूध कशी देणार? मी पान्हा चोरायची आणि चरवी लाथाडायची. कित्येक आठवडे प्रतिमाला निम्मं दूध आणि निम्मं पाणी मिळालं.

मग बासष्टचा जानेवारी आला आणि अष्टग्रहीची हूल उठली. आठ ग्रह एका राशीत येणार, फेब्रुवारीत जग संपणार, असं जो तो सांगू लागला. जागोजागी होम सुरू झाले. तुपाचा धूर आमच्या कडुनिंबापर्यंत यायचा. एके दिवशी प्रतिमा शाळेतून रडतच आली.

“बाबा, मतलब आपण सगळे मरणार?”

“सगळे नाही,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज माझ्या पोटाखालून आला. “एक मुलगी उरणार.”

“कोण?”

“असेल कुणीतरी. तुझ्याच वयाची. सकाळी उठून बघते तर काय, सगळं जग बुडालेलं. जयपुरात चिटपाखरू नाही.”

जयपुरात बुडायला पाणी कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. प्रतिमाचं रडणं थांबलं होतं. मीही कान टवकारले, आणि माझ्या नकळत चार धारा चरवीत पडल्या.

मग साहेबांनी एकेक बुडवायला सुरुवात केली. सगळ्यात आधी बुडाली त्यांची कचेरी. प्रतिमाने घाईघाईने आपल्या शाळेतल्या गणिताच्या बहनजी बुडवून घेतल्या. ती मुलगी जौहरी बाजारात शिरली. मिठाईची दुकानं सताड उघडी, हलवाई नाही, मालक नाही. तिनं हवा तेवढा घेवर खाल्ला आणि हवामहालाच्या सगळ्या खिडक्यांतून एकेकदा डोकावून बघितलं. शाळा नाही, टायफॉइड नाही, कुणी रागावणारं नाही. प्रतिमाचे डोळे नुसते लकाकत होते. जग संपणार म्हणून जी पोर रडत होती, ती आता ते कधी एकदा संपतं याची वाट बघू लागली.

“आणि तिच्याबरोबर एक कुत्रा होता,” साहेब म्हणाले. “मोती.”

मी लाथ मारली. चरवी तुळशीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशीही मोती, दुसऱ्या दिवशीही लाथ. शेवटी वहिनी तांदूळ निवडत ओट्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी गोष्ट ऐकली. वहिनींना कुठल्याही गोष्टीत पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा.

“अहो, पण ती पोर पिणार काय? दुखण्यातून उठलेली आहे ना ती? कुत्रा दूध देणार आहे का तिला?”

साहेबांनी चरवी सरळ केली. मग घसा खाकरून म्हणाले, “तर... तिथे एक बकरीसुद्धा होती.”

मी पान्हा सोडला. चरवी फेसासकट काठोकाठ भरली. साहेबांनी चरवीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या संध्याकाळी आमच्यात एक करार झाला. त्याबद्दल आम्ही दोघांनीही कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर गोष्टीचं बरंवाईट मीच ठरवू लागले. मोतीनं नाहरगडच्या बिबट्याला पळवलं, त्या दिवशी अर्धा पेला दूध. बकरी किल्ल्याच्या भिंतीवर चढून मुलीला वाट दाखवते, त्या दिवशी चरवी भरून. सरकारी माणसाला इशारा पुरतो. मोतीचा पाय लचकला, मग त्याला कमी दिसू लागलं, आणि एक दिवस तो आंबेरकडे निघून गेला. प्रतिमा एक दिवस जेवली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

फेब्रुवारीत आठ ग्रह आले तसे गेले. जग जिथल्या तिथे. साहेबांचा चेहरा त्या दिवशी जरा उतरलेलाच होता, सकाळी पुन्हा कचेरीत जायचं होतं ना. पण गोष्ट काही थांबली नाही. मी रवंथ करताना यावर पुष्कळ विचार केला. माणसाला जग नको असतं असं नाही. त्यात फार गर्दी झालेली असते इतकंच. त्या रिकाम्या जयपुरात ती मुलगी बकरीच्या मानेला मिठी मारून म्हणायची, “आता तूच माझी,” आणि प्रतिमा तेव्हा माझे कान धरायचं सोडून मान कवटाळायची. माझ्याकडे नीट बघायला माणसाला आधी सगळं शहर बुडवावं लागलं. तरी चालेल म्हटलं, बघितलं तर खरं.

ही गोष्ट आणखी एक जण ऐकायची. समोरच्या घरातल्या बीजी, पंजाबीत आईला म्हणतात तसं सगळेच त्यांना म्हणायचे. फाळणीत मुलतानकडून आलेल्या, आमच्या गल्लीत तशी बरीच घरं होती. त्या मटारची सालं घेऊन यायच्या आणि मला भरवत फाटकाशी उभ्या राहायच्या. पण गोष्टीतली ओस घरं आणि उघडी दारं आली की मुकाट्यानं निघून जायच्या. “मराठी कळत नसेल त्यांना,” वहिनी म्हणायच्या. मला वाटे, म्हाताऱ्या बाईला गोष्टींची आवड नसेल.

एप्रिलमध्ये साहेबांची बदली नागपूरला झाली.

साहेब स्टेशनवर चौकशी करून आले. वाटेत गाड्या बदलायच्या होत्या. कुत्र्यासाठी गार्डच्या डब्यात खास पेटी असते म्हणे, पण बकरीचं जमणार नाही. कुत्रा इथेही पुढे.

त्याच आठवड्यात साहेबांचे दोस्त हिंदुराव आले. जयपुरातल्या मराठी मंडळींत कुणाची बदली झाली की निरोपाची मेजवानी होते आणि ती हिंदुराव ठरवतात. स्वतः ते कांदासुद्धा चिरत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकतात. या वेळी शेळी मीच होते.

“टिपणीस, मी काय म्हणतो,” माझ्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, “नेता तर येत नाही. दूधही आता कमी झालं असेल. खाटकाला देऊन दुसरं मटण आणायचं, त्यापेक्षा हीच काय वाईट? जरा वातड निघेल, पण वहिनींच्या हाताला चव आहे.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी माणसांच्याच तोंडून ऐकली होती. ती माझ्या पाठीवर हात ठेवून कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. साहेब नाही म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. साहेबांनी चष्मा पुसला. वरिष्ठांना नाही म्हणायची सवय नव्हती, दोस्तांनाही नाही. मला भीती वाटली. त्या दिवशी मी पेंडीला तोंड लावलं नाही.

संध्याकाळी साहेब धार काढायला बसले. मी लाथ मारली नाही, मारायचं बळच नव्हतं.

“बाबा, आज गोष्ट संपवा,” प्रतिमा म्हणाली. “मग आपण जाणार ना?”

साहेबांनी सुरुवात केली. मुलीजवळचं धान्य संपलं. जौहरी बाजारात काही उरलं नाही. चार दिवस झाले, तिच्या पोटात अन्न नाही. समोर बकरी उभी.

“मग?”

साहेबांचा हात थांबला. बीजी फाटकाशी होत्या, त्यांच्या हातातली सालं तशीच. आज त्या गेल्या नाहीत.

“बाबा, मग?”

“मग... त्या मुलीने...” पांढऱ्या केसांचा तो सरकारी अधिकारी माझ्या कुशीला डोकं टेकून बसून राहिला.

“मग काय मग?” वहिनी ओट्यावरून म्हणाल्या. “त्या मुलीने रानातला पाला खुडला आणि भाजी केली. जिचं दूध पिऊन पोर उभी राहिली तिच्यावर सुरी चालवायची असेल, तर जग बुडालेलंच बरं. हिंदुरावांना सांगा, मेजवानीला श्रीखंड-पुरी आहे. चालत नसेल तर घरी जेवून या म्हणावं.”

इतके दिवस मी त्या बाईच्या हाताचा वास घेऊन थरथरत होते. तिचे पाय चाटावेत असं मला वाटलं.

“पण ठेवायची कुणाकडे?” साहेबांनी विचारलं.

बीजी फाटक उघडून आत आल्या. “मुझे दे दो,” म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी माझं दावं सोडलं. प्रतिमा माझ्या मानेला लोंबकळून रडली. त्यांचा टांगा निघाला तेव्हा मी बीजींच्या फाटकातून गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडले. वळणापर्यंत मला तिची वेणी दिसत होती.

बीजींच्या घरी मी दूध दिलं नाही. रुसले होते म्हणा, पण खरं कारण म्हणजे बीजी बोलायच्या नाहीत. मुकाट्यानं बसायच्या, मुकाट्यानं उठायच्या. त्यांचा मुलगा तिलकराज म्हणाला, “बीजी, यह तो सूखी है. बेच दो.” पुन्हा तेच ग्रहण.

तेव्हा एका संध्याकाळी माझ्या पोटाखालून आवाज आला. हळू, अडखळता.

“एक शहर था. सब लोग चले गए. दरवाज़े खुले रह गए. एक औरत थी, और उसकी एक भैंस थी.”

बाईंना मराठी कळत होतं, सगळं कळत होतं. मी चघळायची थांबले.

“औरत ने उसकी रस्सी खोली. कहा, चल. दोनों टेसन पर आए. गाड़ी खड़ी थी. औरत ने भैंस को गाड़ी में चढ़ा दिया.”

तिलकराज दारात उभा होता. “बीजी,” तो हळूच म्हणाला, “भैंस तो वहीं छूट गई थी. आप ही बताती थीं, रस्सी खोलकर छोड़ आए, वह गाड़ी के पीछे-पीछे...”

“तुझे क्या पता?” बीजी म्हणाल्या. “तू तो मेरी गोद में सो रहा था.”

त्यांनी चरवी जवळ ओढली. मी पान्हा सोडला. होता नव्हता तेवढा सगळा सोडला. गोष्टीत बकरी नव्हती, पुढेही येण्याचं चिन्ह नव्हतं. मी लाथ मारली नाही.

याला आता पाच वर्षं झाली. मी म्हातारी झाले, दूध आटलं, दात पडले. तिलकराज मला विकायचं नाव काढत नाही, उलट दुकानातून येताना पाला आणतो. बीजी अजून संध्याकाळी रिकाम्या हातांनी माझ्याशेजारी बसतात आणि गोष्ट पुढे नेतात. ती म्हैस हळू चालणारी. गाडीतून मधेच उतरली, नाल्यात डुंबली, कुणाच्या शेतात शिरली, प्रत्येक गावात बीजींना तिच्यासाठी चारा मागावा लागला. पण मागे राहिली नाही.

तुम्ही अशा गोष्टी रचत असाल तर माझं एवढंच मागणं आहे. जग खुशाल बुडवा, त्याला माझी हरकत नाही. पण जो जीव दावणीला आहे, त्याचं दावं हातात धरून बाहेर पडा. आणि बकरीला तिसऱ्या प्रकरणात खाऊ नका, ती पुढे कामाला येते.

बीजींची म्हैस काल जयपूरच्या घाट दरवाजापाशी पोचली. तिथून आदर्श नगर ते किती लांब. आज सकाळपासून मी माझ्याशेजारची जागा खुरांनी साफ करतेय. म्हशीला जागा जरा जास्तच लागते.