नेलपॉलिशचा ठिपका

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर टॉवेलात गुंडाळलेला मी तुम्हाला दिसलो असतो, तर तुम्ही मला वजन करायचं जुनं यंत्र समजला असता. मी डीजे कंट्रोलर आहे. जुना.

माझी रचना सोपी आहे. दोन्ही बाजूंना हाताने फिरवायच्या चकत्या, मध्ये आवाजाच्या सरकपट्ट्या आणि वर गोल बटणं. गाणी माझ्यात नसतात, ती संगणकात असतात. आवाज स्पीकरमधून येतो. मी मधला. लोक गाण्यावर नाचतात, दाद वाजवणाऱ्याला देतात आणि छातीत धडधड होते ती स्पीकरमुळे. माझ्याकडे कोणी बघत नाही. तरी एक गोष्ट फक्त माझ्याकडे होती. चालू गाणं सगळे ऐकत असताना पुढचं गाणं मी हेडफोनमधून एकाच माणसाच्या एकाच कानात वाजवत असे. तो कान ठमीचा होता, उजवा. ही गोष्ट माझ्यापेक्षा त्या कानाचीच जास्त आहे.

ठमी हे तिचं घरातलं नाव. मला विकत घ्यायला ती तिच्या दादाबरोबर आली होती. दुकानदार तिला भरपूर दिवे लुकलुकणारा एक मोठा कंट्रोलर दाखवत होता. ती म्हणाली, दिवे काय करायचेत, डोळे मिटून बटण सापडलं पाहिजे. मग खरोखरच डोळे मिटून तिने माझ्यावरून बोटं फिरवली. हेडफोनच्या आवाजाला वेगळं बटण आहे का, आपल्या संगणकावरचं सॉफ्टवेअर याला ओळखेल का, एवढंच विचारलं आणि मला उचललं. मला कोणी निवडण्याची ती पहिली वेळ होती आणि शेवटचीही.

घरी आल्या आल्या दादाने लाल नेलपॉलिशची बाटली उघडली आणि हेडफोनच्या बटणाशेजारी, निम्म्या वळणावर, एक ठिपका काढला.

"इथपर्यंत. याच्यापुढे न्यायचं नाही."

"तू काय हेडमास्तर आहेस माझा? आणि नेलपॉलिश कुणाचं ते?"

"तुझंच. म्हणजे लक्षात राहील."

मग आमची कामाची वर्षं सुरू झाली. हॉल, गच्च्या, कॉलेजांची पटांगणं. ठमी माझ्यामागे उभी राही आणि दादा स्पीकर आणि वायरी सांभाळी. माझ्यावर मुख्य आवाजासाठी दिव्यांची एक शिडी आहे: खाली हिरवे, मग पिवळे, टोकाला लाल. लाल लागला की आवाज फाटतो आणि स्पीकर जळू शकतात. दादा हॉलच्या दुसऱ्या टोकाहूनही तो लाल दिवा हेरायचा आणि तळहात खाली दाबून खूण करायचा. स्पीकर गेले तर तुला विकूनही नवे येणार नाहीत, असं तो तिला चिडवायचा. स्पीकर एकदाही जळले नाहीत.

हेडफोनसाठी मात्र माझ्यावर एकही दिवा नाही. तिथे फक्त तो ठिपका होता.

हॉल मोठे होत गेले. ठमीला हॉलमधलं गाणं नीट कळावं म्हणून तिच्या शेजारीही एक स्पीकर ठेवू लागले. त्याच्या गोंगाटात हेडफोनमधलं पुढचं गाणं ऐकू येईना. तिने बटण ठिपक्याच्या जरा पुढे नेलं. फक्त आजच्यापुरतं, असं ती स्वतःशीच पुटपुटली होती. पुढच्या कार्यक्रमात ते तिथूनच सुरू झालं आणि आणखी थोडं पुढे गेलं.

मित्रांनो, कानाच्या आत केसांहून बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. मोठा आवाज बराच वेळ आदळत राहिला की त्या दुखावतात आणि शेवटी मरतात. माझं बटण झिजलं तर नवं बसवता येतं. माणसाच्या त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

एक दिवस ठमी वैतागून म्हणाली, "दादा, याचा आवाज गेलाय. हेडफोनमध्ये काही येतच नाही."

दादाने मला उघडलं, बारीक ब्रशने धूळ काढली, स्पीकरला जोडून वाजवून पाहिलं. तो म्हणाला, मला तर ठणठणीत वाटतोय. पण हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघायचं त्याला सुचलं नाही. आयुष्यभर त्याने जपले होते ते स्पीकर. त्यांच्याकडून होकार मिळाला की त्याची तपासणी संपायची. त्यातच संगणकातलं सॉफ्टवेअर बदललं आणि नवं सॉफ्टवेअर मला ओळखेना. नवा कंट्रोलर आला. मला टॉवेलात गुंडाळून जुन्या संगणकाशेजारी ठेवलं गेलं.

कपाटात दिवस मोजता येत नाहीत. लाकडातून घरातले आवाज तेवढे येतात. टीव्ही मोठा होत गेलेला मी ऐकला. आई स्वयंपाकघरातून हाका मारायची, मग कुरकुरायची की या मुलीचं लक्षच नसतं. नव्या कंट्रोलरचाही आवाज कमी येतो, अशी ठमीची तक्रारही ऐकली. मला तेव्हा सगळं कळलं होतं. पण माझा आवाज बाहेर जातो तो वायरीतून, आणि माझी वायर गुंडाळून रबरबँड लावलेली होती.

मग एका दुपारी दादाने मला बाहेर काढलं. मावशीच्या मुलीला वाजवायला शिकायचं होतं, तिला मला द्यायचं ठरलं होतं. त्याने मला जुन्या संगणकाला जोडलं आणि ठमीला बोलावलं. तिने सवयीने हेडफोन उजव्या कानावर घट्ट दाबून धरला. बटण ठिपक्यावरून पुढे गेलं, पार शेवटपर्यंत.

"बघ, म्हटलं नव्हतं? मेलाय हा. तिच्या गळ्यात कशाला मारतोस?"

दादाने हेडफोन घेऊन कानाला लावला आणि भाजल्यासारखा ओढून काढला. मेजावर पडलेल्या हेडफोनमधलं गाणं खोलीभर चिरकत होतं. त्याने बटणाकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं. मग बटण हळूहळू ठिपक्यापर्यंत मागे आणलं.

"ठमे, डाव्या कानाला लाव."

"येतंय की. छान येतंय."

"आता उजव्या."

तिने लावला.

"चालू कर ना."

"चालूच आहे," दादा म्हणाला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते जपता येईल. ठमी अजून वाजवते. आता डाव्या कानाने, आवाज बेताचा ठेवून. शेजारचा स्पीकर लांब सरकवलाय आणि नव्या कंट्रोलरवर तिने स्वतःच्या हाताने ठिपका काढलाय. मावशीच्या मुलीला दुसरा कंट्रोलर मिळाला. मी कपाटातच राहिलो, कारण मला एक काम उरलंय.

अधूनमधून, घरात कोणी नसताना, ती मला खाली काढते. एकच ठरलेलं जुनं गाणं लावते, बटण ठिपक्यावर ठेवते, डाव्या कानाने ऐकते आणि मान हलवते. अजून तेवढंच ऐकू येतंय, याची ती माझ्याकडून खात्री करून घेते. तेवढ्यापुरता मी पुन्हा कुणाचा तरी असतो.

म्हणून मित्रांनो, आवाज कमी वाटला तर बटण पुढे नेण्याआधी हेडफोन शेजारच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला ऐकायला सांगा. यंत्राला दोष द्यायला नंतर भरपूर वेळ असतो.

ठमी शेवटी हेडफोन उजव्या कानालाही लावते, दरवेळी. मीही दरवेळी वाजवतो. पूर्वी ते गाणं आम्हा दोघांनाच ऐकू यायचं. आता ते मी एकटाच ऐकतो, आणि मग टॉवेल येतो.