उजव्या बरगडीखाली

"खोल श्वास घ्या," डॉक्टर वंदना म्हणाल्या. कुलदीपनं अर्धाच घेतला आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून तो कळवळला.

पंधरवडाभर हुडहुडी भरून ताप येत होता. अन्नावरची वासना उडाली होती, पँट कमरेवर राहत नव्हती. शेवटी प्रणितानं सासऱ्यांना सोबत घेऊन नवऱ्याला ओढतच इथं आणलं होतं.

"दारू?"

"बंद केली. दिवाळीपासून."

हिम्मतराव भिंतीकडं बघत राहिले. मुलाच्या तोंडून 'बंद केली' त्यांनी याआधीही पुष्कळदा ऐकलं होतं.

सोनोग्राफीत यकृतात पू साचलेला दिसला. त्याला लगेच दाखल करून घेतलं. यकृत म्हटल्यावर हिम्मतरावांच्या मनात दारूशिवाय दुसरं काही येईना.

बाहेर बाकावर प्रणिता हळूच म्हणाली, "मामंजी, ते खरंच घेत नाहीत आता."

"हौ," एवढंच ते म्हणाले.

सुईनं पू काढला, दाट आणि तपकिरी. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला, रक्ताचा रिपोर्टही आला. डॉक्टरांनी हिम्मतरावांना बोलावून घेतलं.

"अमीबाचं गळू आहे. खराब पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून हा जंतू आतड्यात जातो आणि तिथून यकृतात. औषधानं बरं होईल."

"म्हणजे दारूनं नाही?"

"नुसत्या दारूनं असं गळू होत नाही. पिणाऱ्यांना धोका जास्त, एवढंच."

"मग तो पीत नाही, हे पक्कं?"

"ते ह्या रिपोर्टवरून मी नाही सांगू शकत, काका."

हिम्मतरावांनी व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. मग आत गेले. कुलदीप उशीला टेकून भाताची पेज संपवत होता. प्रणिता शेजारी बसली होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" कुलदीपनं विचारलं.

"पाण्यानं झालंय. बरा होशील."

कुलदीपचा चमचा थांबला. पुढं आणखी काही येईल म्हणून तो वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला.

हिम्मतरावांनी खिशात हात घातला. मुलगा पिऊन कोठी भागातल्या त्यांच्या दुकानात यायला लागला तेव्हा त्याच्याकडून काढून घेतलेली दुकानाची किल्ली त्यांनी उशीजवळ ठेवली.

"घरी आलास की दुकान तूच उघडत जा. मला आता ते शटर उचलवत नाही."

शटर त्यांनी परवाच एका हातानं वर ढकललं होतं. प्रणितानं ते पाहिलं होतं. कुलदीपनं किल्ली मुठीत घेतली, तशी ती उठली आणि वाटी विसळायला गेली.