तहान नसलेले चेंडू

मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे. चामड्याचा आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण तसे चेंडू आता सामन्यात उरलेले नाहीत. स्टेडियमच्या जिन्याखाली साहित्याची खोली आहे. तिथे हवा भरायचा पंप, फाटकी जाळी आणि डुगडुगणारे स्टूल यांच्या सोबतीने मी वरच्या फळीवर पडून असतो. डोक्यावरून खेळाडूंचे बूट दिवसभर धडधडत जातात. पूर्वी तो आवाज आला की आपल्याला कुणीतरी न्यायला येत आहे असे वाटायचे. आता नुसता थकवा येतो.

माझा जन्म कारखान्यातला. आतल्या रबरी फुग्यावर दोऱ्याचे वेढे दिले, त्यावर कातड्याचे तुकडे चिकटवले, आणि माझी रवानगी या क्लबात झाली. इथल्या मुली पगारावर खेळणाऱ्या, म्हणजे खेळ हीच त्यांची नोकरी. मला वाटले, आल्या आल्या कौतुक होईल. कसले काय! नवा चामड्याचा चेंडू म्हणजे नवी चप्पल, दिसायला देखणी आणि वागायला खाष्ट. मी कडक होतो, निसरडा होतो, हाताला अजिबात दाद देत नव्हतो. पहिल्याच दिवशी मला मामांच्या ताब्यात देण्यात आले.

मामा म्हणजे साहित्य सांभाळणारे. सगळ्या खेळाडू त्यांना मामाच म्हणत. त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवशी काय ते कानावर पडायचे. संध्याकाळी सराव संपला की ते स्टूल ओढून बसत, तळहातावर तेलाचे दोन थेंब घेत आणि मला गोल गोल चोळत. मग कोरड्या फडक्याने पुसत आणि दुसऱ्या दिवशी सरावाला पाठवत. पुन्हा संध्याकाळी तेल, पुन्हा सराव. मला सारखी तहान लागलेली असायची आणि मामांना ती बरोबर कळायची.

"चेंडू आणि जावई," मामा मुलींना सांगत, "मुरल्याशिवाय घरातले होत नाहीत."

असा मुरायला मला अर्धा हंगाम लागला. मग माझ्या अंगावरचे दाणे मऊ झाले, बोटे माझ्यावर बसू लागली. त्या काळी घरच्या सामन्याआधी एक रीत होती. मामा बाकावर तीन मुरलेले चेंडू मांडत आणि कर्णधार डोळे मिटून त्यातला एक निवडत असे. आमच्या कर्णधाराला सगळे ताई म्हणत. आमच्या प्रशिक्षक सरांपेक्षा ती जेमतेम चार वर्षांनी लहान, पण सरही तिला ताईच म्हणत. ताई प्रत्येक चेंडू हातात फिरवायची, नाकाशी धरायची आणि बहुतेक वेळा मलाच उचलायची. एका अंतिम सामन्यात तिने मला पाठीमागून असे काही फेकले की समोरच्या संघाला मी कुठे गेलो ते जाळीत पडल्यावर कळले. त्या दिवशी तिने मला पोटाशी धरले होते. आयुष्यात एवढे सुख मिळाले तरी पुष्कळ झाले.

मग एका हंगामाच्या तोंडावर संघटनेचा हुकूम आला. यापुढे सगळे सामने कृत्रिम कातडीच्या चेंडूने होतील. सर एक खोके घेऊन आले आणि मुलींना म्हणाले, "हे खोक्यातून काढायचे आणि खेळायचे. यांना काही लागत नाही. मळले की पुसले, झालं."

मामा तेव्हा जाळी बांधायला शिडीवर चढले होते. त्यांना कुणी काही सांगितले नाही. मामांना काही सांगावे लागते, हेच मुळी कुणाला सुचत नसे.

आम्हा जुन्यांना पोत्यात भरून कुठेतरी शाळांना वाटून टाकले. मी तेवढा राहिलो, कारण मामांनी मला फळीवर ढकलले आणि पुढे पंप ठेवला. तिथून मी पुढचे सगळे पाहिले.

संध्याकाळी मामांनी नवे चेंडू एकेक करून हातात घेतले. कडक आणि अगदी राठ. मान हलवून ते स्वतःशीच म्हणाले, "लेकरं कोरडी पडलीत." आणि त्यांनी तेलाची बाटली उघडली.

मित्रांनो, मी फळीवरून पाहत होतो. त्या चेंडूंना तहानच नव्हती. तेल आत जाईना, वरच राहिले. मामांनी फडक्याने पुसले तरी त्यांच्या अंगावर पातळ थर राहिलाच, डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या दिवशी सरावात एकेक चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटला. मुली वैतागल्या. "मामा, भारी निसरडे आहेत हो हे," त्या येऊन सांगू लागल्या. मामांना वाटले, अजून मुरले नाहीत. त्यांनी आणखी एक हात दिला. तक्रार वाढली तसे तेल वाढले. रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असे चालले होते. आणि मला तोंड नाही, नुसते हवा भरायचे भोक आहे.

सगळ्यात जास्त त्रास ताईला झाला. चेंडू सतत तिच्याच हातात असायचा; खेळ तिने जुळवायचा, पास तिने द्यायचा. तो निसटू नये म्हणून ती बोटे आवळून धरू लागली. बोटे आवळली की पास वेळेवर सुटत नाही. ज्या मनगटाने तिने इतकी वर्षे भाकरी मिळवली, त्या मनगटावर आता तिचाच विश्वास उरला नव्हता.

मग परगावचा सामना झाला. तिथले चेंडू खोक्यातून काढलेले, कोरडे ठणठणीत. आवळून धरायची सवय लागलेली आमची पोर तिथे आणखी फसली. ताईचे पास समोरच्या मुलीच्या पायाशी पडत होते. संघ वाईट हरला. ताई परत आली तेव्हा तिच्या बोटांची टोके सोलली होती.

हे मला कसे कळले? दुसऱ्या दिवशी सर आणि ताई साहित्याच्या खोलीच्या दारातच बोलत होते.

"घरच्या सामन्यात भिंगरी सुरुवात करेल," सर म्हणाले. भिंगरी ही संघातली सगळ्यात चपळ पोर. "कर्णधारही तीच. तू बाकावर थांब. वाईट वाटून घेऊ नकोस, ताई. नव्या चेंडूशी सगळ्यांचं जमत नाही."

"अजून थोडे दिवस द्या, सर."

"दिवसच नाहीत गं. बाकावरूनही जमलं नाही, तर पुढच्या हंगामाचं काय ते आपण बोलू."

सर गेले. ताई बोटांना गुंडाळायची पट्टी शोधायला आत आली आणि तिची नजर माझ्यावर पडली. पंप बाजूला करून तिने मला खाली घेतले. जुन्या सवयीने नाकाशी धरले. मग मला काखेत धरून तिने शेजारचा नवा चेंडू उचलला आणि त्याच सवयीने तोही नाकाशी नेला.

ती थांबली. तिने पुन्हा वास घेतला. कृत्रिम कातडीच्या त्या गोळ्याला माझा, म्हणजे तेलाचा वास येत होता.

मामा तेवढ्यात फडके झटकत आत आले.

"मामा, यांना तेल लावता तुम्ही?"

"मग काय कोरडेच ठेवू? जीव आहे की नाही त्यांना?" मामा म्हणाले. "थोडं थांब. मुरतील."

"हे मुरत नाहीत, मामा. हे जसे येतात तसेच राहतात."

तिने चेंडूवरून बोट फिरवले आणि त्यांच्यासमोर धरले. बोट चकाकत होते. मामांनी ते पाहिले, नवा चेंडू पाहिला, मग तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिले. ते स्टुलावर बसले.

"म्हणजे मी तुला बाकावर बसवलं," ते म्हणाले. "आत्ता जातो सरांकडे. सांगतो, पोरीचा दोष नाही म्हणून."

"बसा खाली. उद्या सरांनी तुम्हाला काढून दुसरा कोणी आणला, तर तो मला चहासुद्धा विचारायचा नाही."

"अगं, पण तुझं कर्णधारपद?"

"बादली कुठं आहे?" ताई म्हणाली.

त्या दोघांनी सगळे नवे चेंडू साबणाच्या पाण्यात बुडवून धुतले. मी डोळे मिटून घ्यायचे म्हटले तर मला पापण्या नाहीत. आमच्यातल्या कुणाला असे बुडवले असते तर तो फुगून, फाटून मेला असता. ते मात्र बाहेर आले, निथळले आणि पूर्वीसारखेच झाले. मला हेवा वाटला, आणि त्या हेव्याचाही कंटाळा आला.

पुढच्या सरावात चेंडू हातात थांबू लागले. कसे काय, ते कुणाला कळले नाही. ताई सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीवर पास मारत राहायची. कोरडा चेंडू बोटे सोलायचा, ती पट्टी गुंडाळायची आणि पुन्हा मारायची. आवळलेली बोटे सैल सोडायला तिला फार कष्ट पडले. घरच्या सामन्यात ती बाकावरच बसली. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात संघ मागे पडल्यावर सरांनी तिला आत पाठवले. जिन्याखाली मला फक्त ओरडा ऐकू आला. तसा ओरडा मी पूर्वी एकदा ऐकला होता, तेव्हा मी तिच्या पोटाशी होतो.

तिची जागा तिला परत मिळाली. सर म्हणाले, "तुला सवय व्हायला जरा वेळच लागला, ताई. वय आहे."

"हो, सर," ती म्हणाली.

कर्णधारपद भिंगरीकडेच राहिले. एक वाक्य बोलली असती तर ते तिला परत मिळाले असते. ती बोलली नाही. आता सामन्याआधी चेंडू कुणी निवडत नाही. सगळे सारखेच असतात.

नव्या चेंडूंना मामांची गरज राहिलेली नाही. पण संध्याकाळ झाली की मामांच्या हातांना चैन पडत नाही. मग ते स्टूल ओढतात, मला खाली काढतात आणि तळहातावर दोन थेंब घेतात. मित्रांनो, खरे सांगू? मलाही आता तेल नको आहे. माझे कातडे कधीच भरून गेले आहे. मी जड झालो आहे, टप्पा टाकला तर गुडघ्याइतकाही उसळत नाही. रोज एक हात फिरतो आणि मी रोज थोडा अधिक निकामी होतो. पण मी मुकाट चोळून घेतो.

परवा ताई बोटांची पट्टी सोडत दारात उभी राहिली.

"मामा, अजून तेल?"

"कोरडा पडलाय गं."

तिने मला हातात घेतले. मी किती जड झालो आहे ते तिला लगेच समजले. तिने मला नाकाशी धरले आणि परत मामांच्या मांडीवर ठेवले.

"हो," ती म्हणाली. "जरा कोरडाच आहे."

मित्रांनो, नवी वस्तू घरी आली की तिला काय हवे ते आधी समजून घ्या. जुन्या सवयीची माया तिला सोसत नाही. पण ती माया करणारे हात रिकामे झाले, तर त्यांच्यासाठी एखादी जुनी वस्तू फळीवर राहू द्या. तिला थोडे तेल जास्त झाले तरी चालेल.