खिडकीजवळच्या टेबलावरच्या बाई

जहाजावर पाऊल ठेवल्यापासून तात्यांचा मुलगा दिसेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटला होता. आमचे तात्या अशाच जहाजांवर वेटर होते, उभा जन्म काढलाय त्यांनी यात. लिफ्टमधल्या अनोळखी जोडप्याला सांगून झालं, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या फोटोवाल्याला सांगून झालं, खोली आवरायला येणाऱ्या माणसाला तर दोनदा सांगून झालं. तात्या शेजारी उभे राहून कसंनुसं हसत. लोकांना वाटे, काय साधा माणूस आहे, कौतुक केलं तर किती लाजतो! लाज कसली, पुढचा प्रश्न यायच्या आत तिथून निघायची त्यांना घाई असे.

कारण तात्या कधीच वेटर नव्हते. नोकरीला लागले ते जहाजाच्या पोटातल्या भांडीघरात भांडी घासायला लागले, आणि नोकरी सुटली तेव्हाही भांडीच घासत होते. तिथे खिडकी नव्हती. बाहेर समुद्र आहे की डोंगर, हे वरून येणाऱ्या उष्ट्या ताटांवरून ओळखायचं: समुद्र खवळला की ताटं न खाताच परत येत.

खोटं बोलायचं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत बायकोने चार नातेवाइकांसमोर विचारलं, "तिथे तुम्ही नक्की करता तरी काय हो?" आणि तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "जेवण वाढतो. मोठमोठ्या लोकांना." त्यावर ती अशी काही खुलली, की ते शब्द परत घ्यायला तात्यांची जीभच रेटेना. पुढच्या फेरीत त्यांनी एका वेटर मित्राचं पांढरं जॅकेट तासाभरासाठी मागून घेतलं आणि रिकाम्या जेवणघरात उभं राहून फोटो काढला. बायकोने तो मोठा करून, चौकट लावून बाहेरच्या खोलीत टांगला. येणाऱ्या प्रत्येकाने चहाच्या आधी तो पाहिलाच पाहिजे, असा तिचा शिरस्ता.

मग फोन सुरू झाले. जहाज बंदराला लागलं की तात्या फोन करत, आणि ती विचारे, आज कोणाला वाढलंत? दर वेळी नवीन काय सांगणार? म्हणून तात्यांनी एक बाई तयार केली. खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी, गळ्यात मोत्यांची माळ, एका कानाने कमी ऐकू येणारी, सूप दोनदा मागणारी आणि तात्यांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं न घेणारी. बायकोला ती फार आवडली. बाईंचा खोकला गेला का, बाईंच्या सुनेने विचारपूस केली का, अशी तिची चौकशी चाले. रात्री मुलाला झोपवताना ती बाईंच्या गोष्टी सांगायची, त्यांच्यासारखा घोगरा आवाज काढून. तात्यांनी बाईंना कधी मरू दिलं नाही. ते त्यांच्या हातात होतं.

बायकोचं मात्र नव्हतं. शेवटच्या दुखण्यात तिने मुलादेखत तात्यांचा हात धरून सांगितलं, "तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, परमुलखात तुम्ही आमच्या माणसाला जीव लावलात." तात्या म्हणाले, सांगतो. पंधरवड्यात ती गेली. तात्या पुन्हा जहाजावर आले, भांडीघरात उभे राहिले आणि तो नमस्कार घेऊन कुठे जायचं ते त्यांना कळेना. तो तसाच राहिला.

आता मुलगा चांगला मिळवता झाला होता. वडील निवृत्त झाल्यावर त्याने हौसेने ही सफर ठरवली. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंत, आता बसून खा, म्हणाला. जेवणाचं टेबल त्याने मुद्दाम खिडकीजवळचं मागून घेतलं होतं. का, ते तात्यांनी विचारलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मुलाने त्यांच्या वेटरला सगळा इतिहास ऐकवला. वेटर तिशीचा, हसतमुख, कामाला वाघ. त्याला मनापासून आनंद झाला. "काका, तुम्ही कुठली टेबलं सांभाळायचात?" तात्या म्हणाले, तशी सगळीच. जेवण झालं, मुलगा बाहेरचा सूर्यास्त बघण्यात गुंगला आणि तात्यांच्या हातांनी घात केला. त्यांनी उरलंसुरलं एका ताटलीत निपटलं, मोठ्या ताटल्या खाली, वाट्या एकात एक, चमचे सगळे एका दिशेला, असा नीटस मनोरा रचून ठेवला. कुठलाही वेटर पाहुण्यांसमोर टेबलावर असं करत नाही, त्याला तशी सक्त ताकीद असते. असं रचतो तो फक्त खालचा माणूस, पाण्यात घालण्याआधी. वेटरने ते पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि हलकेच म्हणाला, "राहू द्या काका, मी नेतो." त्या दिवसापासून तो तात्यांशी जरा जास्तच अदबीने वागू लागला. मुलाकडे त्याने चकार शब्द काढला नाही.

पुढे एके दिवशी प्रवाशांना स्वयंपाकघर दाखवायला नेलं. उंच टोपीवाला आचारी पुढे, माना उंचावत प्रवासी मागे. मुलाने विचारलं, तुमची जागा कुठली? वेटर भरलेली ताटं उचलतात त्या ओट्याकडे तात्यांनी बोट दाखवलं. तेवढ्यात कोपऱ्यातलं एक दार कुणीतरी ढकललं. आतून वाफ आली, भांड्यांचा खणखणाट आला आणि एक माणूस दिसला, कोपराने कपाळ पुसणारा. हात ओले असले की कोपरच कामाला येतं. दार मिटलं. मुलगा तोवर कलिंगड कोरून केलेल्या बदकाचा फोटो घ्यायला पुढे गेला होता. तात्यांचं कोपर मात्र आपोआप कपाळापाशी गेलं होतं.

सफर संपत आली तेव्हा मुलगा एका दुपारी मोठी कामगिरी बजावल्यासारखा आला. या जहाजावर टीप रोजच्या रोज आपोआप प्रवाशाच्या खात्यात चढते, हे त्याला उशिरा कळलं होतं. काउंटरवर जाऊन त्याने ती साफ रद्द करून टाकली होती. कोण जाणे ते पैसे कुणाच्या घशात जातात! आपण आपल्या हाताने देऊ, वेटरला आणि खोलीवाल्याला, भरघोस. "तात्या, तुमच्यामुळेच कळतं हे मला. हातात पडली तरच ती टीप."

तात्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ते पैसे कुणाच्या घशात जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हातात दिलेलं ज्याच्या हातात पडलं त्याचं. खात्यात चढलेलं मात्र सगळ्यांत वाटलं जातं आणि झिरपत झिरपत खालपर्यंत पोचतं: चादरी धुणाऱ्यांपर्यंत, भाज्या सोलणाऱ्यांपर्यंत, भांडीघरापर्यंत. ज्यांचं तोंड कुठल्याच प्रवाशाला दिसत नाही, त्यांच्यापर्यंत जाणारी तेवढी एकच वाट. त्याच वाटेने आलेल्या पैशांवर हा मुलगा शिकला होता. आणि आता बापाचा मान राखायला म्हणून त्यानेच ती बंद करून टाकली होती.

असू दे ना, होती तशीच ठेव, असं तात्यांनी म्हणून पाहिलं. तुम्ही भोळे आहात, म्हणून मुलगा हसला आणि पोहायला गेला. तात्या एकटेच काउंटरवर गेले. तिथली मुलगी गोड बोलली, पण खातं मुलाच्या नावावर होतं. टीप पुन्हा चढवायची तर त्यानेच येऊन सांगायला हवं. "घेऊन या ना त्यांना, एका मिनिटाचं काम आहे."

एका मिनिटाचं! तात्या डेकवर येरझाऱ्या घालत राहिले. एका कुटुंबाच्या टिपेने जहाज थोडंच बुडतंय, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण असंच म्हणत एकेक कुटुंब टीप रद्द करायचं आणि खाली भांडीघरात सगळे या महिन्यात किती कमी पडणार ते मोजत भांडी घासायचे, ते दिवस त्यांना चांगले आठवत होते. तेव्हा त्यांचा जोडीदार म्हणायचा, आपण आहोत हेच वरच्यांना ठाऊक नाही, त्यांना दोष तरी काय द्यायचा? या मुलालाही ठाऊक नव्हतं. आणि ते त्याला कुणी कळू दिलं नव्हतं? तात्यांनीच.

मुलगा केस पुशीत आला, तेव्हा तात्यांनी त्याला कठड्यापाशी उभं केलं.

"मी वेटर नव्हतो रे. भांडी घासायचो. त्या आपोआप चढणाऱ्या टिपेवर आपलं घर चाललं. ती परत चालू कर."

मुलाला आधी थट्टाच वाटली. मग त्याने वडिलांचा चेहरा पाहिला.

"आणि तो फोटो?"

"जॅकेट मित्राचं. मी नुसता आत उभा होतो."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

मुलाने ओला टॉवेल कठड्यावर पसरला आणि पुन्हा उचलला. पुढचा प्रश्न येणार, हे तात्यांना कळलं होतं. तो येऊ नये म्हणून त्या क्षणी त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

"खिडकीजवळच्या बाई?"

"नव्हत्याच."

"मला त्यांचा आवाजसुद्धा माहितीये, तात्या," मुलगा म्हणाला. "आई काढून दाखवायची." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "भांडी घासलीत, त्याचं मला काहीच नाही. पण आई त्यांना नमस्कार सांगून गेली. जाताना तुमच्याआधी तिला त्यांची आठवण झाली. आणि तुम्ही हो म्हणालात."

हो म्हणताना बायकोच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं होतं, ते तात्यांना सांगायचं होतं, पण ते सांगायलाही तोंड उरलं नव्हतं. मुलगा तडक काउंटरकडे गेला. टीप त्याने पुन्हा चढवली. संध्याकाळी वेटरच्या हातातही ठरल्याप्रमाणे पाकीट ठेवलं. खिडकीजवळच्या टेबलावर दोघे जण एकमेकांची ओळख नसल्यासारखे जेवले. तात्यांनी आपली ताटली जागची हलवली नाही, हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

सकाळी जहाज बंदराला लागलं. शेवटचा चहा घेऊन सगळे उतरायच्या घाईत होते. मुलगा उठला तो दाराकडे न जाता उलटा स्वयंपाकघराकडे निघाला. वेटर त्याला अडवायला पुढे झाला, मग त्याने मागे उभ्या तात्यांकडे पाहिलं आणि बाजूला झाला. मुलगा ओटे ओलांडून थेट त्या कोपऱ्यातल्या दारापाशी गेला आणि त्याने ते ढकललं. तोच माणूस होता, ओल्या हातांचा, कपाळावर कोपर घेऊन उभा.

मुलाने हात जोडले. "माझ्या आईने नमस्कार सांगितला होता," तो म्हणाला. "पोचवायला उशीर झाला. आमच्या माणसाला तुम्ही लोकांनी जीव लावलात."

त्या बिचाऱ्याला काय कळणार? पण कुणाची तरी आई आहे, एवढं त्याला समजलं असावं. त्याने साबणाचे हात तसेच जोडले आणि विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

मुलाने मान खाली घातली. तात्या पुढे झाले. वाफेने त्यांच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या, निदान तसं म्हणायला जागा होती. "बरी आहे," ते म्हणाले.

खिडकीजवळची ती बाई त्यांनी जशी मरू दिली नव्हती, तशीच आता बायकोसुद्धा. मुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण खोडून काढलं नाही. खाली वाकून त्याने वडिलांची बॅग उचलली आणि दोघे जिन्याकडे निघाले.